‘भेट दिली’ की ‘भेटून गेले’? परदेशातून घरी येण्याचे शब्द

पणजी (विचारणा): एका स्मरणिकेतले वाक्य आहे: ‘१२ वर्षांनी त्यांनी गोव्यातील कुटुंबीयांना व मित्रांना भेट दिली.’ व्याकरणात चूक सापडत नाही, तरी कानाला खटकते. का? आणि तिथे काय लिहावे? गोव्यात चालणारे शब्द असतील तर तेही सांगा.

फोंडा: समोर ठिकाण आहे की माणूस, यावर ‘-ला भेट देणे’चा अर्थ फिरतो. ‘शाळेला भेट दिली’ म्हणजे जाऊन पाहिली. ‘आत्याला भेट दिली’ म्हटले की ऐकणारा विचारणार, काय दिले? साडी? ‘कुटुंबीयांना भेट दिली’मध्ये हा घोळ थोडा झाकला जातो, इतकेच. ‘भेट घेतली’ हाही उपाय नव्हे. भेट मंत्र्याची घेतात, वकिलाची घेतात. त्यात काहीतरी काम असते.

घरच्यांसाठी मराठीत जोडक्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘भेटून गेले’ म्हणजे तास-दोन तास बसले. ‘राहून गेले’मध्ये निदान एक रात्र हवी. ‘येऊन गेले’ किती वेळ ते सांगत नाही, आता ते इथे नाहीत एवढेच सांगते. चहासुद्धा न घेता निघाले तर ‘उभ्याउभ्या आले’, आणि नाइलाजाने आले तर ‘तोंड दाखवून गेले’. तेव्हा वाक्य असे करा: ‘१२ वर्षांनी ते गोव्याला आले आणि घरच्यांना, मित्रांना भेटून गेले.’ मात्र स्मरणिका निघेपर्यंत माणूस इथेच असेल तर ‘गेले’ चालणार नाही. ‘भेटायला आले आहेत’ लिहा.

देवळाचेही तेच. पर्यटक मंगेशीला ‘भेट देतो’. तेच कुलदैवत असलेला माणूस लंडनहून आला तरी ‘देवदर्शनाला जातो’, ‘नारळ ठेवतो’, ‘अभिषेक करतो’.

म्हापसा: ‘परत’ या शब्दाचीही काळजी घ्या. ‘तो परत आला’ याचे दोन अर्थ होतात: पुन्हा एकदा आला, किंवा माघारी आला. ‘परतला’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटते की तिकडचा गाशा गुंडाळून कायमचा आला. मग शेजारी विचारत बसतात, नोकरी गेली की काय! थोड्या दिवसांसाठी असेल तर नुसते ‘आला’ किंवा ‘सुट्टीवर आला’ पुरते. कोकणीतही ‘सुटयेर आयला’ म्हणतात. तारवट्यांच्या बाबतीत तर ‘परतला’ हमखास चुकते. बोटीवरचा माणूस कंत्राट संपले की घरी येतो, पुढचे मिळाले की जातो. कोणी विचारले तर घरचे सांगतात, ‘बोटीवर असतो, सध्या घरी आहे.’

डिचोली: लग्न झालेली बाई येते तेव्हा ‘घरी आली’ एवढ्याने भागत नाही, कारण तिला घरे दोन. ती ‘माहेरी’ येते. कोकणीत ते ‘कुळार’. तिच्या मुलांसाठी तेच ‘आजोळ’. पुरुष आईवडिलांकडे आला तर त्याला माहेर म्हणत नाहीत, थट्टेत सोडून.

‘चवथीला येणे’ हा वेगळाच प्रकार. नुसते त्या सुमारास गोव्यात असणे म्हणजे चवथीला येणे नव्हे. कुटुंबाचा गणपती जिथे बसतो त्या मूळ घरी हजर असणे म्हणजे चवथीला येणे, आपले घर पणजीत असो की पॅरिसमध्ये. परदेशातली माणसे इथे एक चूक करतात: गेल्या वर्षीची तारीख धरून तिकीट काढतात. चवथ तिथीने येते. २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला, आणि २०२६ साली अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. म्हणजे एका वर्षी ११ दिवस अलीकडे आणि पुढच्या वर्षी १८ दिवस पलीकडे. शिवाय माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या, फळे-पाने बांधलेल्या चौकटीचे) सामान आदल्या एक-दोन दिवसांत आणायचे, बांधायचे असते. हाताशी यायचे तर निदान तीन दिवस आधी पोचावे लागते.

आणखी एक. परदेशातून आणलेल्या चॉकलेटांच्या पिशवीला कौतुकाने ‘वजें’ म्हणू नका. वजें म्हणजे चवथीला माहेरहून लेकीच्या सासरी जाणारी फळे आणि गोडधोड. पाहुण्याने आणलेला तो ‘खाऊ’. घरच्या बागेतले, शेतातले थोडे काढून त्याला जाताना देतात तो ‘वानवळा’.

मडगाव: एवढी वर्षे बाहेर असलेल्याच्या मागे दोन-चार घरांत माणूस गेलेला असतो, ते कोणी लिहिले नाही. पहिली फेरी तिकडची, मग बाकीचे पाहुणचार. त्याला बोलण्यात ‘भेटायला जाणे’ एवढेच म्हणतात, ऐकणाऱ्याला कळते. छापायचे तर ‘सांत्वनाला गेले’. त्या फेरीत खाऊ नेत नाहीत. आणि एरवी घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसे त्या घरी म्हणायचे नाही. उठावे, हात जोडावे, निघावे. परदेशात वाढलेल्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, कारण ‘येतो’ म्हणायचे असते हे त्यांना आपणच घोकून घेतलेले असते.

आजाऱ्याकडे गेले तर ‘काकांच्या समाचाराला गेले’. ‘काकांचा समाचार घेतला’ लिहाल तर काकांना झापले असा अर्थ होईल.

पणजी: मग असे केले आहे: ‘१२ वर्षांनी ते सुट्टीवर गोव्याला आले. मूळ घरी राहिले, त्यांना शाळेतले मित्र भेटले, आणि आजारी काकांच्या समाचाराला जाऊन आले.’

फोंडा: ‘त्यांना मित्र भेटले’ म्हणजे बाजारात अचानक समोर आले. ठरवून गेले असतील तर ‘ते मित्रांना भेटले’. बाकी ठीक.