‘हादरा’, ‘कंपन’ आणि ‘दोलन’ : रॉकेटच्या चाचणीसाठी कोणता शब्द?

प्रश्न : अपोलो चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-५ या रॉकेटवरील लेखाचे मराठी भाषांतर करताना उड्डाणापूर्वीच्या एका चाचणीला मी ‘हादरे चाचणी’ म्हटले आहे. संपादकांना ‘कंपन चाचणी’ हवे आहे. या दोन शब्दांच्या अर्थांत फरक आहे का?

उत्तर : फरक आहे, आणि या विषयात तो महत्त्वाचा आहे. हादरा अचानक बसतो आणि लगेच विरतो. रॉकेटचे टप्पे स्फोटकांच्या साहाय्याने विलग होतात तेव्हा बसतो तो हादरा, आणि त्याची चाचणी वेगळी घेतात. कंपन ही मूळ स्थितीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा होणारी हालचाल आहे. अलाबामातील हंट्सव्हिल येथे १९६६-६७ मध्ये सुमारे ११० मीटर उंचीचे सॅटर्न-५ मनोऱ्यात उभे करून जी परीक्षा घेतली, तिचा हेतू त्याची ताकद जोखणे हा नव्हता. उड्डाणात रॉकेट कशालाही टेकलेले नसते, म्हणून त्याला शक्य तितके मोकळे राहू देणाऱ्या आधारांवर ठेवून यंत्रांनी हलके रेटे दिले गेले आणि कोणत्या कंप्रतेला (सेकंदाला किती कंपने, या मापाला) त्याचा सांगाडा कसा वाकतो हे मोजले गेले. एवढे लांब रॉकेट वाकले की त्यातील घूर्णदर्शींना, म्हणजे कल ओळखणाऱ्या जायरोस्कोपांना, तो बाक म्हणजे रॉकेटचे कलणेच वाटते. मग मार्गदर्शन यंत्रणा नसलेला कल सुधारण्यासाठी इंजिने वळवते, आणि ही दुरुस्ती सांगाड्याच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली तर बाक वाढतच जातो. ‘हादरे’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही.

पुरवणी : अंतराळयानाच्या चाचणीत मात्र ताकद खरोखरच जोखली जाते. चांद्रयान-३ च्या कंपन आणि ध्वनिक चाचण्या मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने पूर्ण केल्या, त्या प्रक्षेपणाचा ताण यान सोसेल का हे पाहण्यासाठीच होत्या. तरीही हालचाल आवर्ती असल्याने तेथेही ‘कंपन’च योग्य. कंप्रतेसाठी पाठ्यपुस्तकांतील ‘वारंवारता’ हा शब्द परिचित असला, तरी ‘चाचणीची वारंवारता’ म्हटल्यावर चाचणी किती वेळा घेतात असा अर्थ निघू शकतो; म्हणून येथे मी विश्वकोशातील ‘कंप्रता’ निवडेन.

प्रश्न : त्याच लेखात ‘पोगो’चाही उल्लेख आहे. त्यालाही ‘कंपन’ म्हणावे का?

उत्तर : मी ‘पोगो दोलन’ म्हणेन. कंपन चाचणीत रेटा बाहेरून दिलेला असतो, तर पोगोमध्ये रॉकेट स्वतःच स्वतःला हलवते : सांगाडा लांबीच्या दिशेने थरथरतो, त्यामुळे नळ्यांतील द्रव प्रणोदकाचा (इंधन आणि ते जाळणाऱ्या ऑक्सिजनचा) दाब बदलतो, त्यासरशी इंजिनाचा रेटा कमीजास्त होतो आणि सांगाडा आणखी थरथरतो. एप्रिल १९६८ च्या अपोलो-६ उड्डाणात हे दोलन सेकंदाला सुमारे ५ वेळा होत होते. पुढे द्रव ऑक्सिजनच्या नळ्यांतील झडपांत हेलियम भरून दाबातले चढउतार शोषण्याची सोय केली गेली. तरीही अपोलो-१३ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे मधले इंजिन पोगोमुळेच सुमारे दोन मिनिटे आधी बंद पडले. इंजिन बंद असलेल्या रॉकेटला बाहेरून हलवून हे चक्र उभे राहत नाही, म्हणून हंट्सव्हिलच्या परीक्षेला ‘पोगो चाचणी’ म्हणू नये.