मदत हवी आहे: ल्युकेमियावर उपचार चालू असलेल्या मुलीला चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी न्यावे का?

नमस्कार. माझ्या सात वर्षांच्या मुलीवर गेले दीड वर्ष तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाचे, उपचार चालू आहेत. सध्या मेंटेनन्सचा, म्हणजे आजार उलटू नये म्हणून दीर्घकाळ गोळ्या देण्याचा, टप्पा असून रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदाच, रविवारी, मेथोट्रेक्सेट द्यावी लागते. ही दुसरी गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकते, म्हणून तिचा डबा मी वेगळा ठेवते. अंगात 100.4 अंश फॅरनहाइट ताप दिसला की पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, असे आम्हाला बजावलेले आहे. गोव्यात वाळपईजवळच्या आमच्या गावातून भर पावसात बांबोळीच्या रुग्णालयात पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे तिची पिशवी दाराशी कायम भरलेली असते.

प्रश्न चवथीचा आहे. मूळ घरी पंचवीस माणसे जमतात आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात. गेल्या वर्षी आम्ही गेलो नाही. या वर्षी सणाच्या दोन दिवस आधी रक्त तपासून, न्यूट्रोफिलचा (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडा पाहून ठरवू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळा-पानांची चौकट) बांधताना आजोबांच्या हातात एकेक फळ देण्याचे काम तिचे असे. आताही तिने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने यादी लिहिली आहे: करमल, कवंडळ, सुपारी. रानातून आलेल्या पानाफळांना माती आणि बुरशी असते, आणि माजघराची भिंतही पावसाळ्यात ओल धरते. या दोन्हींची मला भीती वाटते.

त्याहून मोठी भीती कांजिण्यांची आहे. मागे एका नातलगाच्या मुलाला कांजिण्या झाल्या होत्या आणि ते आमच्याकडे येऊन गेल्यावर पाचव्या दिवशी आम्हाला कळवण्यात आले, का तर 'उगाच काळजी नको'. अशा संपर्कानंतर औषध जितक्या लवकर मिळेल तितके बरे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते दोन आठवडे मी झोपले नाही.

ज्यांच्या मुलांनी मेंटेनन्सच्या काळात सण पाहिले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: गर्दी होण्यापूर्वी सकाळी तासभर नेऊन आणले तर चालते का? धुऊन पुसलेली फळे तिच्या हाती द्यावीत का? आणि आजारी मुलांना त्या दिवशी आणू नका, हे थोरामोठ्यांना न दुखावता कोणत्या शब्दांत सांगितले? शनिवारी मला सासऱ्यांना फोन करायचा आहे.