तोंडावर ताबा आणि आतड्यातलं संप्रेरक

वजन घटवायच्या सेमाग्लुटाइड या सुईच्या औषधाबद्दल ‘सुई कशाला, तोंडावर ताबा ठेवा की,’ असं एका दादांनी लिहिलंय. दादा, बेळगावात राहून कुंद्यासारख्या मिठाईसमोर ताबा ठेवायचा म्हणजे... असो.

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला ‘बस झालं’ सांगतं. पण रक्तात ते दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. सेमाग्लुटाइड हा त्याचा टिकाऊ भाऊ. त्याला निम्मं व्हायला आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एकच सुई. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटलं, बिनऔषधी सुईवाल्यांचं जेमतेम अडीच. आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही होता, बरं का!

खरी मेख पुढं आहे. सुई थांबवल्यावर वर्षभरात घटलेलं दोनतृतीयांश वजन परत आलं. शिवाय वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झडतात. आमच्या खानापूरच्या मावशी सुईमुळं होणाऱ्या मळमळीनं नुसत्या पेजेवर राहायच्या. डॉक्टरांनी प्रथिनांसाठी उसळ, अंडी, दही खायला लावलं आणि डोस सावकाश वाढवला, तेव्हा कुठं त्यांना निभावलं. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार) झाला असेल, तर ते सुई सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.