बैल आधी हुबेहूब, मग चार रेषांत: मुलांना हे शिकवावे का?

प्रश्न (पालक, सातारा)
माझी मुलगी चौथीत आहे. पोळ्याच्या निमित्ताने तिच्या चित्रकलेच्या वर्गात एकाच बैलाची चार चित्रे काढायला सांगितली होती: पहिले हुबेहूब आणि पुढचे प्रत्येक आधीच्यापेक्षा कमी रेषांचे. पहिल्या चित्रात तिने शिंगांची वळणे, झूल, घुंगरमाळ, मानेखालची लोंबती कातडीसुद्धा काढली. चौथ्यात मात्र पाठीची एकच रेष, तिच्यावर वशिंडाचा उंचवटा आणि शिंगांच्या दोन कमानी एवढेच आहे; पायही नाहीत. पुढे एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेला बसायचे असताना या वयात अशी सवय लागल्यास हात बिघडणार नाही ना?

उत्तर (कलाशिक्षक)
हात बिघडत नाही, उलट नजर तयार होते. पिकासोने डिसेंबर 1945 ते जानेवारी 1946 या काळात पॅरिसमधील मूर्लो यांच्या छापखान्यात एकाच बैलाच्या शिळाछापाच्या (दगडावर चित्र काढून घेतलेल्या छापाच्या) अकरा अवस्था केल्या. त्यातला बैल पहिल्यापासून हलका होत गेला नाही. आधी तो अधिक भरदार झाला, मग त्याच्या अंगाचे स्नायूंप्रमाणे भाग पडले आणि त्यानंतर एकेक गोष्ट गळत जाऊन अखेरीस मोजक्या रेषा उरल्या. म्हणूनच मी मुलांकडून पहिले चित्र घाईने करून घेत नाही. जे नीट पाहिलेलेच नाही, त्यातले काय वगळायचे हे मूल कसे ठरवणार? परीक्षेतील स्मरणचित्रालाही याचा उपयोगच होतो.

उत्तर (डहाणू)
आमच्याकडे कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढणाऱ्या वारली बायकांनी हुबेहूबपणाची पायरी कधी आवश्यक मानली नाही. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस उभा राहतो आणि तो नाचतो आहे की पेरणी करतो आहे, हे लगेच कळते. त्यामुळे पहिले चित्र खरे आणि चौथे त्याचे उरलेसुरले रूप, असा क्रम मुलांच्या मनात बसू नये, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर (बालवाडी शिक्षिका)
वयाचा विचार मात्र व्हावा. पाच-सहा वर्षांची मुले गाईच्या पोटातले वासरू जणू बाहेरून दिसत असल्यासारखे काढतात, कारण ती डोळ्यांना दिसणारे नव्हे, तर स्वतःला ठाऊक असलेले काढतात. त्यांच्याकडून असा स्वाध्याय करून घेऊ नये. नऊ-दहाव्या वर्षी चित्र खऱ्यासारखे दिसावे अशी ओढ मुलांना स्वतःहूनच लागते आणि ते जमले नाही की अनेकजण कागद बाजूला सारतात. अशा वेळी कमी रेषांचे चित्रही पूर्ण असू शकते, हे त्यांना कळणे फार मोलाचे असते.

प्रश्नकर्त्या पालक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल चौथे चित्र समोर ठेवून मी तिला विचारले, की पाय काढून टाकलेस, मग वशिंड का ठेवलेस? ती म्हणाली, "आई, ते काढलं तर म्हैस होईल." तो कागद आता स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे.