बिळात हात घालण्यापेक्षा सेन्सर बरा?

रातवा
वन्यजीवांच्या अधिवासात वायरलेस सेन्सर लावावेत, या मताचा मी आहे. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक आयलंडवर बर्कली विद्यापीठ आणि इंटेलच्या लोकांनी असा प्रयोग केला. लीच्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी तिथे जमिनीत बीळ करतो, एकच अंडं घालतो आणि रात्रीच ये-जा करतो. अंडं उबवायच्या पहिल्या दोन आठवड्यांत कुणी त्रास दिला तर घरटं सोडूनही जातो. मग "आहेस का रे आत?" म्हणून बिळात हात घालायचा कशाला? अवरक्त सेन्सर आतली ऊब टिपतो, नोंदी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत ठाण्यावर पोचतात.

झुडपामागून
आणि तो सेन्सर आत ठेवतो कोण, पेट्रेल? शिवाय ऊब म्हणजे पक्षी हे ठीक, पण तो धडधाकट आहे की आजारी, हे ऊब सांगत नाही. सवयीच्या माणसाला ते दिसतं.

रातवा
विणीआधी ठेवायचे, विणीनंतर काढायचे. वर्षाला दोन फेऱ्या. तुमचा सवयीचा माणूस किती फेऱ्या मारतो ते सांगा की!

दोन_पेन्सिल_सेल
मी अशा सेन्सरांच्या जाळ्यांवर काम केलंय, म्हणून मध्ये तोंड घालतो. खरी मारामारी सेलची. रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी जवळजवळ बोलण्याइतकीच वीज खातो. म्हणून नोड (सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेला छोटा डबा) बहुतेक वेळ झोपवून ठेवायचा, क्षणभर उठवायचा, पुन्हा झोपवायचा. हे वेळापत्रक जमलं तर हंगाम निघतो, नाहीतर सेल बदलायला माणूस परत बिळाशी. त्यात ओल्या पानांत सिग्नल मरतो. कोरड्या दिवसांत चाचणी घेऊन खूश झालेले पावसात रडतात (मीही रडलोय).

झुडपामागून
हेच म्हणतोय! त्याच बेटावर काही नोडांनी हवेतली आर्द्रता १५० टक्क्यांच्या वर दाखवली होती. आता बोला.

दोन_पेन्सिल_सेल
बोलतो. डब्यात पाणी शिरलं होतं. पण असा वेडा आकडा दिसला की बहुधा तो नोड लवकरच बंद पडायचा, म्हणजे आकडा चुकला तरी दुखणं कळलं. टिपणवहीत पेंगत लिहिलेली चूक अशी ओरडून सांगत नाही.

रातवा
+१. आणि जाळं जमिनीला खिळलेलंच हवं असंही नाही. केनियात झेब्रानेट प्रकल्पात झेब्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे होते. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे एकमेकांच्या नोंदी उतरवून घ्यायचे. संशोधकांना एक झेब्रा गाठला तरी अनेकांचा ठावठिकाणा मिळायचा. मला तर ही कल्पना भन्नाट वाटते.

झुडपामागून
संशोधकाला मिळतो तो ठावठिकाणा शिकाऱ्यालाही मिळू शकतो. या नोंदींना कुलूप लावलेलं असतं का? बिळातल्या तापमानाला माझा आता फारसा विरोध नाही, मात्र पट्ट्यांना आहे.

दोन_पेन्सिल_सेल
कुलूप लावता येतं. त्यालाही वीज लागते, म्हणून घाईत ते राहून जातं. हा मुद्दा तुमचा.

झुडपामागून
एक तरी मिळाला! आणि ते १५० टक्केवाले आकडे? गाळून टाकता?

दोन_पेन्सिल_सेल
नाही. खूण करून तसेच ठेवतो. पुढच्या हंगामात कोणता डबा गळका होता ते त्यावरूनच शोधायचं असतं.