शब्दचर्चा : ‘अपडेट’ या एका शब्दात किती गोष्टी कोंबायच्या?

साताऱ्याच्या आत्याचा परवा फोन आला. २०२२ मध्ये तिने मोबाईल घेतला तेव्हा मी सोबत होतो. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, चार वर्षं अपडेट आहे, बिनधास्त घ्या." आत्या निवृत्त शिक्षिका. तिने घरी येऊन ते वाक्य पावतीच्या मागे लिहून ठेवलं. फोनमध्ये तेव्हा अँड्रॉइड १२ होतं. पुढे १३ आलं, १४ आलं आणि गाडी तिथेच थांबली. शेजारच्या मुलीच्या फोनवर मात्र १५ आलं. आत्याचा प्रश्न सरळ होता, "चार वर्षं कुठे झाली रे? मला फसवलं का त्याने?"

कंपनीने फसवलं नव्हतं, पण आत्याचा रागही खोटा नव्हता. कंपनीचं आश्वासन दोन भागांत होतं : अँड्रॉइडच्या दोन नव्या आवृत्त्या, आणि चार वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे फोनमध्ये कुणाला शिरता येईल अशा फटी बुजवणारे छोटे बदल. दुकानदाराने दोन्हींना ‘अपडेट’ म्हटलं आणि त्यातला मोठा आकडा सांगितला.

मी तिला सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोनबद्दल’ उघडायला लावलं आणि दिसेल ते वाचून दाखव म्हटलं. एका ओळीत अँड्रॉइड आवृत्ती १४. दुसऱ्या ओळीत सुरक्षा अपडेट आणि पुढे एक तारीख. (ही तारीख महिन्याची १ किंवा ५ असते, तुमच्या फोनवर बघा. ओळींचे शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात.) आत्याच्या फोनवरची तारीख ताजी निघाली. म्हणजे आवृत्ती जुनी, पण फोन वाऱ्यावर सोडलेला नाही. हेच उलट असतं, आवृत्ती तीच आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची, तर मी तिला त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नकोस असं सांगितलं असतं. इतका फरक एका शब्दाखाली झाकला जातो, म्हणून हा धागा काढतोय.

बातम्यांतही हीच गल्लत दिसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२२ आणला तेव्हा आवृत्त्या चार आणि सुरक्षेची वर्षं पाच, असे दोन आकडे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला दोन्हींसाठी सात वर्षं दिली, जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ लाही सात आणि सातच. आकडे सारखे असले की ‘सात वर्षं अपडेट’ लिहून भागतं. पण दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये हे आकडे वेगळे असू शकतात, आणि तो फोन घेणाऱ्यालाच नेमका शब्द जास्त लागतो.

माझा प्रस्ताव असा. अँड्रॉइड १४ चं १५ होणं ही ‘नवी आवृत्ती’. हा शब्द आपल्या हाडीमाशी आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती म्हटलं की आत काही बदललंय हे वाचकाला कळतं, नुसतं पुन्हा छापलं तर आपण पुनर्मुद्रण म्हणतो. दर महिन्या-तीन महिन्यांनी येणाऱ्या सुरक्षेच्या गोष्टीला काय म्हणावं इथे मात्र मी अडतो. ‘शुद्धिपत्र’ कसं वाटतं? आवृत्ती तीच, चुका दुरुस्त. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद
शब्द चांगला आहे, पण चालणार नाही असं वाटतं. शुद्धिपत्रात चूक कुठे आहे ते सांगतात, दुरुस्त वाचकाने करून घ्यायची असते. इथे फोन स्वतःच दुरुस्त होतो. अशा दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात, त्याला मराठीत हुबेहूब ‘ठिगळ’ हा शब्द आहे आणि मला तो आवडतो. भोक कुठेतरी पडलेलं असतं, तेवढ्यावर तुकडा लावायचा. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधलं ‘स्टेजफ्राइट’ नावाचं भगदाड उघडकीला आलं, नुसता व्हिडिओचा संदेश पाठवून फोनचा ताबा घेता येईल असं. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला ठिगळं द्यायला सुरुवात केली.

प्रतिसाद
माझं इचलकरंजीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला ठिगळ म्हटलं तर तो म्हणेल, दादा, नव्या फोनला ठिगळ कशाला? त्या शब्दाला गरिबीचा वास आहे. आमच्याकडे काय बोलतात ते सांगतो. फोनवर आपोआप आलं तर अपडेट ‘घेतलं’ किंवा ‘टाकलं’. फोन लोगोवर अडकला आणि संगणकाला जोडून सगळं नव्याने भरावं लागलं, तर सॉफ्टवेअर ‘मारलं’. घेतलं तर फोटो राहतात. मारलं तर बहुतेक वेळा सगळं पुसलं जातं, म्हणून मी आधी विचारतो, "डेटा काढून ठेवलाय ना?" परवा एक ताई म्हणाल्या, "अपडेट मारून द्या." मी दोनदा विचारून घेतलं. त्यांना फक्त अपडेट घ्यायचं होतं. पोराचे बारशाचे फोटो होते त्यात. नामापेक्षा क्रियापद जपा, साहेब.

प्रतिसाद
‘अद्यतन उपलब्ध आहे’ असं काही ॲपमध्ये दिसतं, त्याबद्दल. अद्यतन म्हणजे आजचं. पुरातन, सनातन यांच्यातलाच ‘तन’. पाणिनीने ‘अनद्यतने लङ्’ म्हटलं ते आजच्या आधीच्या भूतकाळासाठी. मुळात विशेषण, त्याला ओढून नाम केलंय. ‘अद्ययावत’ हेही विशेषणच, अद्य यावत्, आजपर्यंतचं. पण मराठीने ते विशेषण म्हणूनच ठेवलं, म्हणून ‘यादी अद्ययावत करा’ कानाला खटकत नाही. फोन अद्ययावत करा, जरूर म्हणा. अद्यतन करा नको.

धागाकर्ता
इचलकरंजीच्या दादांनी माझे डोळे उघडले. ‘मारणे’ मी आजवर गावठी समजत होतो. शिक्का मारणे, हाक मारणे, रंग मारणे इतकंच ते सरळ आहे, आणि घेणे-मारणे हा भेद तर कोणत्याही कंपनीच्या भाषांतरात मला दिसलेला नाही. तो बारशाच्या फोटोंचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला.

ठिगळ मनात बसलंय, पण दुकानाच्या काउंटरवर ते चालणार नाही हे पटलं. तेव्हा ‘सुरक्षा-दुरुस्ती’, बोलताना नुसतं ‘दुरुस्ती’. क्रियापद म्हणून अद्ययावत करणे. ‘अपडेट’ हा शब्द हद्दपार करायचा माझा मुळीच आग्रह नाही, घरात आम्ही तोच वापरतो. (पुण्यात ‘अपडेट आलं’, नागपूरच्या मित्राकडे ‘अपडेट आला’. त्यावर वेगळा धागा काढू.) पण वर्षांचा आकडा सांगताना कशाची वर्षं ते सांगायलाच हवं.

रात्री आत्याला पुन्हा फोन केला. तिने ती पावती शोधून काढली होती. दुकानदाराच्या वाक्यावर रेघ मारून खाली तिने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं : "आवृत्त्या दोन, मिळाल्या. दुरुस्त्या २०२६ पर्यंत. तारीख दर महिन्याला पाहणे."