पहिली बाईक घेतेय, आधी बाईक की आधी गियर (हेल्मेट, जॅकेट, बूट वगैरे)?

सैरभैर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. वय ३२, उंची ५ फूट २ इंच, गेली १० वर्षं बिनगियरची स्कूटर चालवतेय आणि आता मोटरसायकल घ्यायचं डोक्यात बसलंय. लायसन्सचं काम झालंय. मित्राच्या १२५ सीसीवर मोकळ्या मैदानात चार-पाच वेळा हात साफ केला, त्यात असंख्य वेळा बंद पडली आणि एकदा आडवी झाली (मित्र काही बोलला नाही पण त्याचं तोंड बघवत नव्हतं).

तर प्रश्न असा की मन एका ४०० सीसीवर बसलंय, सीट हाइट ८१० मिमी आहे. ओळखीतले सगळे म्हणतात घ्यायचीच तर मोठी घे, छोटीचा सहा महिन्यांत कंटाळा येतो आणि परत खर्च. पण ती घेतली की बजेट संपलं, मग जॅकेट-बूट वगैरे नंतर हळूहळू घेईन असा विचार आहे. हेल्मेट आहेच, स्कूटरचं, हनुवटी उघडी असलेलं, ६-७ वर्षं वापरतेय पण एकदम छान स्थितीत आहे. एवढं चालेल ना सुरुवातीला? आणि सेकंडहँड घेतली तर काय बघायचं असतं, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही.

जुना_खोंड
ताई, बाईकचं नंतर बोलू, आधी ते हेल्मेट.

हेल्मेट बाहेरून छान दिसतं याला काही अर्थ नसतो, कारण काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. डोकं आपटलं की तो थर दबतो आणि दबण्यात धक्का खातो. एकदा दबला की परत फुगत नाही आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट कितीही चकचकीत असो, टाकून द्यायचं. घाम, केसांचं तेल, ऊन यानेही आतला माल खराब होतो, बहुतेक कंपन्या साधारण ५ वर्षांनी बदला म्हणतात. तुमचं त्याच्यापुढे गेलंय. शिवाय हनुवटी उघडी. माणूस पडतो तेव्हा तोंड कुठे आपटायचं हे तो ठरवत नाही, तेव्हा फुल फेसच घ्या.

मापाचं सांगतो कारण इथेच बहुतेकजण फसतात. टेप भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून फिरवा, पण तो आकडा म्हणजे नुसती सुरुवात. नवीन हेल्मेटमध्ये गाल दाबले गेले पाहिजेत, आरशात बघून हसू आलं पाहिजे इतके, कारण गालाचे पॅड वापरून वापरून सैल होतातच. हेल्मेट धरून डावीउजवीकडे हलवा, कातडी सोबत ओढली गेली तर बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे. पट्टा लावून मागून पुढे ओढून बघा, निघून आलं तर परत द्या. आणि दुकानात निदान २० मिनिटं डोक्यावर ठेवा, दुकानदार बघेना का. गालावरचा दाब चालतो पण कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर माप बरोबर असूनही आकार चुकलाय, कोणाचं डोकं गोल कोणाचं लांबट, मग कंपनी बदलायची. साइज वाढवून प्रश्न सुटत नाही.

शिक्का बघताना ईसीई २२.०६ (हेल्मेटच्या चाचणीचा युरोपातला नियम) असेल तर उत्तम. आधीच्या २२.०५ मध्ये तिरक्या आघाताची, म्हणजे डोकं गर्रकन फिरतं त्याची चाचणी नव्हती, नवीन नियमात आहे. महागडं हेल्मेट हलकं असतं, हवा चांगली खेळते, रंग भारी, पण शिक्का तोच असेल तर स्वस्त मापाचं हेल्मेट महागड्या सैल हेल्मेटपेक्षा कधीही बरं.

पायडल_मार
हेल्मेटचं वर आलंच आहे, +१. मी गियरचं सांगतो, म्हणजे अंगावरचं, पायाखालचं नाही 😄

"नंतर घेईन" म्हणणारे नंतर घेत नाहीत, मी पण त्यातलाच, दीड वर्ष जीन्स आणि टीशर्टवर फिरलो. मग वळणावर वाळू होती, वेग काय तर जेमतेम सायकलचा, तेवढ्यातही जीन्सचा गुडघा कागदासारखा फाटला आणि तळहात सोलून निघाला. आठवडाभर पाण्याचा ग्लास दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून पीत होतो. म्हणून हेल्मेटनंतर पहिले ग्लोव्हज घ्या, पडताना हात आपोआप पुढे जातो, ते कोणी थांबवू शकत नाही. तळव्याच्या बुडाशी कडक गुळगुळीत तुकडा असलेले बघा, त्याने हात रस्त्यावर अडकत नाही, घसरतो, नाहीतर मनगटातलं हाड जातं. आणि मनगटाला पट्टा हवाच, हिसका दिला तर ग्लोव्ह हातातून निघून यायला नको.

जॅकेटमध्ये खांदे आणि कोपर, पँटमध्ये गुडघे आणि कंबर, तिथले पॅड काढून त्यावर काय छापलंय ते बघा. ईएन १६२१-१ (अशा पॅडचं युरोपातलं मानक) असेल तर खरे, लेव्हल १ किंवा २ असते. चाचणीत लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत आला तरी पास, लेव्हल २ ला मर्यादा २०, म्हणजे फरक चांगलाच आहे आणि पॅड वेगळे विकत मिळतात. पाठीत मात्र बऱ्याच जॅकेटांमध्ये नुसता फोमचा तुकडा भरलेला असतो, तो फक्त खिसा भरायला, त्या जागी ईएन १६२१-२ वाला टाका. कापडासाठी ईएन १७०९२ चं लेबल, त्यात एएए सगळ्यात वर, मग एए, मग ए. रोजच्या वापराला एए भरपूर झालं. गरम हवेत जाळीचं जॅकेट घ्या, थोडं कमी टिकाऊ असलं तरी चालेल, कारण जे जॅकेट घामामुळे खुंटीवर टांगलेलं राहतं त्याचा उपयोग शून्य.

ट्राय करताना उभं राहून नका बघू, बाईकवर बसून हँडल धरा. उभ्याने मस्त वाटणारं जॅकेट बसलं की मनगटावरून वर सरकतं आणि कोपराचा पॅड कोपराला सोडून भलतीकडेच. बूट घोट्याच्या वर येणारे, लेस आत खोचता येणारे, सुटी लेस गियर लिव्हरमध्ये अडकली की सिग्नलला पाय खाली टेकतच नाही आणि मग सगळ्यांसमोर साष्टांग नमस्कार.

वाऱ्यावरची_वरात
एवढं घाबरवू नका रे तिला. मी पहिलीच ६५० घेतली, काही झालं नाही. डोकं ठिकाणावर असलं की सीसीने फरक पडत नाही. मोठी घे, बिनधास्त.

निवांत_गडी
वरात, तुला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण ते तुझं नशीब आहे, सल्ला नाही. हर्ट रिपोर्ट म्हणून १९८१ चा जुना अभ्यास आहे, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांच्या जागी जाऊन केलेला. त्यात निम्म्याहून जास्त लोकांना त्या बाईकवर ५ महिन्यांचाही अनुभव नव्हता. त्या *बाईकवर*, म्हणजे आधी दुसरं काही चालवलेलं धरत नाही. आणि बरेचजण घाबरून मागचा ब्रेक दाबून चाक घसरवत होते, पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता.

सैरभैर, तुमच्याबाबतीत एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. १० वर्षं स्कूटर म्हणजे रस्त्याची नजर तयार आहे, कोण कुठून घुसणार हे कळतं, ते सोनं आहे. पण तुमचा डावा हात १० वर्षं ब्रेक दाबतोय. मोटरसायकलवर तिथे क्लच आहे. समोर अचानक कोणी आलं की डोकं विचार करत नाही, हात सवयीने दाबतो, आणि क्लच दाबला की इंजिन बाईकला जे मागे धरतं ते पण जातं, बाईक मोकळी होऊन पुढेच पळते. मागचा ब्रेक उजव्या पायात आलाय, पायाला तर हे काम माहीतच नाही. ही सवय मोडायला काही महिने जाणार, आणि तेवढे महिने जड, जोरात उसळणारी बाईक हाताखाली नको एवढंच माझं म्हणणं. सीसीचा आकडा हा मुद्दाच नाही. थ्रॉटल सौम्य हवा, क्लच हलका हवा, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) हवं, जमलं तर दोन्ही चाकांना.

सीट हाइटचा आकडा अर्धाच खरा असतो. ८१० आणि अरुंद सीट असेल तर पाय सरळ खाली जातात, ७८० आणि रुंद सीट असेल तर मांड्या फाकतात आणि टाच हवेत. बूट घालून बसा, दोन्ही पायांचे चवडे टेकले तर पुरे, टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. मग उतरून इंजिन बंद ठेवून ढकलत आठच्या आकड्यात फिरवा, पार्किंगमधून उलटी काढा. तिथेच घाम फुटला तर उत्तर मिळालं.

आणि पडणार तुम्ही, धरूनच चाला. बहुतेक वेळा चालण्याच्या वेगाने, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबल्यामुळे. म्हणून उचलायला शिका. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर उघडून ठेवा नाहीतर उचलून पलीकडे पाडाल (मी पाडलीये). गियरमध्ये टाका म्हणजे सरकणार नाही, बाईककडे पाठ करा, बूड सीटला टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पाठ न वाकवता पायांच्या जोरावर छोटी छोटी मागे पावलं टाकत उभी करा.

सैरभैर
बाप रे, डाव्या हाताचं वाचून अंगावर काटा आला कारण ती एकदा आडवी झाली ना, ती नेमकी अशीच!! मला आजवर वाटत होतं मीच वेंधळी. (आणि खोंड, ताई नको हो, नुसतं सैरभैर चालेल.)

काल ढकलून बघायचा प्रयोग केला. ४०० वाली उलटी काढताना हलेचना, तिथल्या माणसाने येऊन काढून दिली. मग एक जुनी १६० आहे ओळखीत, ६ वर्षं वापरलेली, तिच्यावर बसल्यावर एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ती घेतली तर फुल फेस, ग्लोव्हज, जॅकेट, बूट सगळं बजेटमध्ये बसतंय. पण सेकंडहँडचं कोणी सांगितलंच नाही अजून.

जुना_खोंड
बरं, सैरभैर. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा, कोमट असेल तर मालकाने गरम करून ठेवलीये, थंड असताना चालू व्हायला कटकट करत असणार. चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, सोडून द्या.

मग पडलीये का बघायचं. टाकी नवी रंगवता येते, पण हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटपेगच्या कडा कोणी रंगवत नाही, ओरखडे तिथे सापडतात. पुढचं चाक उचलून हँडल हळू डावीउजवीकडे फिरवा, मध्ये कुठेतरी खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलीये. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) नळ्यांवर तेलाचा ओला गोल दिसला तर सील गेलंय. चेनच्या मागच्या चक्राचे दात एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील तर चेनसेट बदलावा लागणार, ते पैसे किमतीतून कापायला सांगा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५वा आठवडा. नक्षी भरपूर दिसतेय पण टायर जुना होऊन कडक झालाय असं फार वेळा होतं.

कागदांवरचा आणि फ्रेमवरचा नंबर स्वतः वाचून जुळवा, ओळख असली तरी.

सैरभैर
बघून आले! इंजिन थंडगार, धूर नाही, हँडल मोकळं. उजव्या लिव्हरचं टोक घासलेलं होतं, विचारल्यावर कबूल केलं की उभी असताना पडली होती. मागचा टायर ६ वर्षांचा निघाला, तो बदलून देतोय.

हेल्मेट पण घेतलं, तुम्ही म्हणालात तशी २० मिनिटं घालून बसले. पहिल्यात कपाळ ठणकलं, दुसऱ्या कंपनीचं बरोबर बसलं, पण त्यात बोललं की गाल चावले जातात, हे नॉर्मल आहे ना?

पायडल_मार
नॉर्मल. महिनाभर तोंड बंद ठेवून चालवा 😄 आणि नवीन टायर बसवला की पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर जपून, नवा रबर गुळगुळीत असतो.